बकी डेंट आणि हरलेल्यांची स्मरणशक्ती

बॉस्टनमध्ये साठी गाठलेल्या कुणासमोरही बकी डेंटचं नाव काढून पाहा. समोरचा माणूस ते नाव दुरुस्त करून परत देतो, बकी आणि डेंट यांच्या मधोमध एक ठसठशीत शिवी घालून. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, एरवी आवाजही न चढवणाऱ्या एका आजीबाईंच्या तोंडूनही मी ती ऐकली आहे. बारशालाच ठेवलेलं मधलं नाव असावं इतक्या सहज ती येते. आणि ज्याच्या नावाने हे चालतं, त्या माणसाने गुन्हा काय केला? एक चेंडू मारला. २ ऑक्टोबर १९७८, सोमवार, दुपारची वेळ, फेनवे पार्क, म्हणजे बॉस्टनच्या बेसबॉल संघाचं, रेड सॉक्सचं, घरचं मैदान.

हा डेंट कुणी मोठा फटकेबाज असता तर मी समजू शकले असते. न्यूयॉर्क यांकीजचा हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात उभा राहणारा क्षेत्ररक्षक. हात चपळ, फलंदाजी बेताची. फलंदाजीच्या क्रमात नववा, म्हणजे शेवटचा. बारा हंगामांच्या कारकिर्दीत त्याचे होम रन मोजून ४०. होम रन म्हणजे आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर, आणि फलंदाजासकट बेसवर उभे असलेले सगळे धाव घेऊन येतात. त्याच १९७८ साली बॉस्टनच्या जिम राइसने एका हंगामात ४६ मारले होते, यावरून अंदाज करा. आपल्याकडे शेवटच्या जोडीतल्या गोलंदाजाने यावं, डोळे मिटून बॅट फिरवावी आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याला शिव्या घालाव्यात, तशातलाच हा प्रकार.

हे सगळं मला शिकवलं ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, गुरुजी म्हणते. गुरुजी मॅसॅच्युसेट्सचेच, तीन पिढ्या रेड सॉक्सवाले. मी नवीन असताना जेवणाच्या सुट्टीत एकदा म्हणून गेले की तुमच्या या खेळात तीन तास नुसतं थुंकणं आणि टोपी सारखी करणं चालतं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलबद्दल एक छुपी तुच्छता असतेच, माझ्यात ती भरपूर होती. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी टेबलावरची मीठ-मिऱ्याची भांडी आणि केचपच्या पुड्या घेतल्या, चार बेस मांडले आणि सुरुवात केली ती खेळाच्या नियमांपासून नाही, तर १९७८ पासून. आधी दुखणं सांगायचं आणि मग शरीरशास्त्र, अशी त्यांची पद्धत.

दुखण्याचं मूळ अर्थात त्याहून जुनं. बॉस्टन आणि न्यूयॉर्क ही चार तासांच्या रस्त्यावरची दोन शहरं. १९१८ पर्यंत बॉस्टनच्या नावावर पाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची वार्षिक विजेतेपदं, होत्या, यांकीजच्या नावावर एकही नाही. मग १९१९ च्या डिसेंबरात बॉस्टनच्या मालकाने बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्कला विकून टाकला. त्यानंतर पारडं जे फिरलं ते फिरलंच. १९७८ चा हंगाम सुरू झाला तेव्हा यांकीजच्या खात्यात २१ वर्ल्ड सिरीज होत्या. बॉस्टन अजून त्याच पाचांवर बसलं होतं. रूथच्या विक्रीचा शाप लागला, असं लोक म्हणत. शापाची गोष्ट मला फारशी पटत नाही. शाप म्हटलं की मालकाचा आणि निवड करणाऱ्यांचा दोष आपोआप माफ होतो. पण हरणाऱ्याला काहीतरी नाव द्यावं लागतं, हेही खरं.

तर त्या वर्षी जुलैच्या मध्यावर यांकीज बॉस्टनच्या १४ सामने मागे होते. इतकी आघाडी असली की गावात मिठाई वाटायला हरकत नसते. पण यांकीजने मॅनेजर बदलला, बिली मार्टिन जाऊन बॉब लेमन आला, संघ सावरला, आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ते चार सामने खेळायला फेनवेत आले. १५–३, १३–२, ७–०, ७–४. चारही हरले बॉस्टनवाले, त्यांच्याच घरात. एकूण ४२ धावांना ९. बॉस्टनमध्ये या चार दिवसांना आजही 'कत्तल' म्हणतात.

गंमत अशी की गुरुजी या कत्तलीबद्दल फार बोलत नाहीत. मोठा मार बसला की माणूस सुन्न होतो, त्यात आठवण्यासारखं काही उरत नाही. आठवण बनते ती मार चुकता चुकता बसला की. यांकीज पुढे निघून गेल्यावर बॉस्टनने उचल खाल्ली आणि हंगामाचे शेवटचे आठच्या आठ सामने जिंकले. शेवटच्या दिवशी लुई टियांटने टोरंटोला एकही धाव दिली नाही आणि तिकडे न्यूयॉर्कमध्ये क्लीव्हलंडच्या रिक वेट्सने यांकीजला हरवलं. फेनवेच्या फलकावर त्या परक्या पिचरचे, म्हणजे गोलंदाजाचे, जाहीर आभार झळकले. १६२ सामने खेळून दोन्ही संघ बरोबरीत: ९९ विजय, ६३ पराभव. म्हणून दुसऱ्या दिवशी एक जादा सामना. तो कुठे खेळवायचा, हे नाणं उडवून आधीच ठरलं होतं. नाणेफेक बॉस्टनने जिंकली होती.

ही नाणेफेक ध्यानात ठेवा.

फेनवे पार्क १९१२ सालचं. शहराच्या गल्ल्यांमध्ये बसवलेलं मैदान, त्यामुळे त्याला आकार असा नाही, जागा मिळेल तसं वाकलेलं. डाव्या अंगाला लॅन्सडाउन स्ट्रीट आडवा येतो आणि मैदान तिथे अचानक संपतं. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो आणि धाव पुरी होते त्या जागेपासून, डाव्या कोपऱ्यातल्या खांबापर्यंत जेमतेम ३१० फूट. अंतर कमी म्हणून मग भिंत उंच, ३७ फूट. हिरव्या रंगाची ही भिंत 'ग्रीन मॉन्स्टर' या नावाने प्रसिद्ध आहे. तेव्हा तिच्यावर खुर्च्या नव्हत्या, त्या २००३ साली आल्या. तेव्हा वर नुसती जाळी होती, रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या काचा वाचाव्यात म्हणून.

मी पहिल्यांदा ती भिंत पाहिली तेव्हा तिच्या उंचीपेक्षा तिच्या जवळ असण्याचं आश्चर्य वाटलं. आणि गुरुजींनी एक गोष्ट समजावली ती मला खेळातली सगळ्यात सुंदर विसंगती वाटते. जोरकस, जमिनीला समांतर जाणारा, दुसऱ्या कुठल्याही मैदानात हमखास होम रन ठरेल असा फटका इथे भिंतीवर आदळून खाली पडतो. फलंदाज दुसऱ्या बेसपर्यंत पोचतो आणि हात चोळत उभा राहतो. उलट उंच, पोकळ, दुसरीकडे क्षेत्ररक्षकाने जांभई देत झेलला असता असा चेंडू इथे अलगद भिंत ओलांडून जातो. ही भिंत गुणवत्ता बघत नाही, फक्त कोन बघते.

बॉस्टनचा पिचर माइक टोरेझ. हा वर्षभरापूर्वी यांकीजचा होता. १९७७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने यांकीजसाठी दोन सामने जिंकून दिले, दोन्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकून, आणि अखेरचा झेलही स्वतःच घेतला. मग करार संपल्यावर तो बॉस्टनला आला. समोर रॉन गिड्री, त्या हंगामात २४ विजय आणि ३ पराभव असा पराक्रम गाजवून आलेला, पण फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर. बेसबॉलच्या सामन्यात नऊ इनिंग, प्रत्येकीत दोन्ही संघांची एकेक पाळी, तीन आउट झाले की पाळी संपली. दुसऱ्या इनिंगमध्ये कार्ल यास्त्रेम्स्कीने होम रन मारला. यास्त्रेम्स्की म्हणजे बॉस्टनचा कुलपुरुष. वय ३९, १९६१ पासून याच एका संघात, आणि त्या हिरव्या भिंतीच्या पायथ्याशी डावं मैदान राखण्यात त्याच्याइतका तरबेज कुणी नव्हता. सहाव्या इनिंगमध्ये आणखी एक धाव. २–०. टोरेझ सुरेख टाकत होता.

सातवी इनिंग. एक आउट, मग लागोपाठ दोन सिंगल, मग आणखी एक आउट. दोन बेसवर दोन धावपटू, आउट व्हायचा फक्त एकजण बाकी, आणि फलंदाजीला बकी डेंट. एरवी अशा वेळी मॅनेजर लेमन त्याला मागे बोलावून दुसरा फलंदाज पाठवत असे. पण दुसऱ्या बेसवरचा नेहमीचा खेळाडू विली रँडॉल्फ जायबंदी होता, त्याच्या जागी खेळणाऱ्यालाही लेमनने आत्ताच बदललं होतं, आता शॉर्टस्टॉपला उभं करायला माणूसच उरला नव्हता. म्हणून डेंट.

डेंटने एक चेंडू स्वतःच्याच पायावर मारून घेतला. वेदनेने तो वाकला, ट्रेनर धावत आला, खेळ थांबला. या मधल्या वेळेत टोरेझने हात गरम ठेवायला चेंडू टाकले नाहीत, नुसता उभा राहिला. तेवढ्यात पुढचा फलंदाज मिकी रिव्हर्सच्या लक्षात आलं की डेंटच्या हातातली बॅट चिरली आहे. त्याने दुसरी पाठवली. डेंट लंगडत परत उभा राहिला. पुढचा चेंडू आत, थोडा वर आला आणि त्याने तो डावीकडे उंच उडवला.

इथे गुरुजी नेहमी थांबतात. केचपची पुडी हातात धरून. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सामन्याच्या सुरुवातीला वारा मैदानात येत होता आणि या सुमारास तो फिरून बाहेर जायला लागला. टोरेझला वाटलं, झेल गेला, इनिंग संपली. तो मैदानाबाहेर जायच्या तयारीत होता. भिंतीखाली यास्त्रेम्स्कीने चेंडू भिंतीवरून परतेल या हिशेबाने पवित्रा घेतला, मान वर केली, आणि त्याचे गुडघे किंचित वाकले. तो क्षण चित्रफितीत आहे, कुणीही पाहू शकतो. चेंडू जाळीत. तीन धावा. यांकीज ३, बॉस्टन २.

आणि मैदानात शांतता पसरली. तेहतीस हजारांच्या आत-बाहेर माणसं होती त्या दिवशी फेनवेत. मला आजवर 'मी तिथे होतो' असं सांगणारे जितके भेटलेत, त्या प्रमाणात हिशेब केला तर लाखभर तरी असायला हवीत. गुरुजी प्रामाणिक आहेत. ते सहावी-सातवीत होते, वर्गात, आणि मागच्या बाकावर एकाने बाकाखाली ट्रान्झिस्टर ठेवला होता. चिठ्ठीवर धावसंख्या लिहून ती पुढे सरकत असे. सातव्या इनिंगची चिठ्ठी त्यांच्या हातात आली तेव्हा त्यांना वाटलं लिहिणाऱ्याने आकडे उलटे लिहिलेत.

आता माझा मुद्दा. त्या होम रनने सामना संपला नाही. संपायला अजून बराच खेळ उरला होता, आणि खरं सांगायचं तर सामना दुसऱ्याच कुणी जिंकला. डेंटनंतर रिव्हर्सला चार दिशाहीन चेंडूंवर पहिला बेस फुकट मिळाला, टोरेझला काढलं, थर्मन मन्सनच्या फटक्यावर चौथी धाव आली. आठव्या इनिंगमध्ये रेजी जॅक्सनने होम रन मारला, पाचवी. त्यानंतर बॉस्टनने दोन धावा काढल्या आणि अखेरची धावसंख्या ५–४. हिशेबाने पाहिलं तर निर्णायक धाव जॅक्सनची. जॅक्सनच्या नावात मात्र कुणी शिवी घालत नाही.

त्याहून मोठा गुन्हेगार लू पिनिएला. यांकीजच्या उजव्या मैदानातला हा क्षेत्ररक्षक, ज्याची क्षेत्ररक्षणासाठी ख्याती नव्हती. सहाव्या इनिंगमध्ये फ्रेड लिनने उजव्या कोपऱ्यात खणखणीत फटका मारला. गिड्रीचा वेग त्या दिवशी नेहमीचा नाही, फलंदाज चेंडू ओढून मारणार, हे ताडून पिनिएला आधीच कोपऱ्याकडे सरकून उभा होता. झेल. दोन धावा गेल्या. आणि नववी इनिंग! एक आउट झालेला, रिक बर्लसन पहिल्या बेसवर. जेरी रेमीने उजवीकडे चेंडू मारला. ऑक्टोबरचा कलता सूर्य फेनवेच्या उजव्या मैदानात थेट डोळ्यांत जातो. पिनिएलाला चेंडू दिसलाच नाही. त्याने दोन्ही हात पसरून दिसतोय असं सोंग केलं, आणि चेंडू त्याच्या बाजूला टप्पा पडून निसटता निसटता त्याने हातमोजा फेकला. चेंडू आत अडकला. तो निसटता तर बर्लसन नक्की आणि बहुधा रेमीसुद्धा होम प्लेटवर आला असता, खेळ खलास. निसटला नाही, म्हणून बर्लसन दुसऱ्या बेसवरच थबकला. पुढच्या फलंदाजाने, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडू राइसने, उजवीकडे खोल झेल दिला. बेसबॉलमध्ये झेल गेल्यावरही बेसवरच्याला पुढे धावता येतं; बर्लसन तिसऱ्या बेसवर असता तर तेवढ्या झेलावर धावून बरोबरी झाली असती. तो दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आला, इतकंच. मग यास्त्रेम्स्की. दिवसाचा पहिला होम रन ज्याचा, त्याच्याच हातात शेवटची बॅट. समोर गूस गॉसेजचा तुफान वेग. चेंडू उंच, तिसऱ्या बेसच्या बाहेर, ग्रेग नेटल्सच्या हातात.

मला विचाराल तर तो सामना पिनिएलाने आंधळेपणी हातमोजा फेकून जिंकला. डेंटचा फटका दिसायला ठसठशीत, म्हणून सगळं बिल त्याच्या नावावर फाडलं गेलं. पण हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पिनिएलाचा मला राग येत नाही. तो हुशारीने खेळला. डेंटचा राग येतो, कारण तिथे तो असायलाच नको होता." यावर मला उत्तर सुचलं नाही.

आणि ती नाणेफेक. बॉस्टन ती हरलं असतं तर सामना यांकी स्टेडियममध्ये झाला असता. तिथे डावीकडे ही भिंत नाही आणि मैदान खांबापासून झपाट्याने खोल होत जातं. डेंटचा तो चेंडू तिथे झेल ठरला असता, असं बॉस्टनचे लोक शपथेवर सांगतात. घरच्या मैदानासाठी देव पाण्यात घालायचे आणि घरच्याच भिंतीने घात करायचा.

न्यू जर्सीत माझा एक मावसभाऊ राहतो, एडिसनला. तिथली बरीच मराठी मंडळी यांकीजवाली, तोही. एका गणपतीला त्याच्याकडे गेले असताना मी मोठ्या उत्साहाने डेंट, वारा, चिरलेली बॅट, पिनिएलाचं सोंग हे सगळं सांगितलं. तो मोदकावर तूप घेत म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर? त्या वर्षी आपण जिंकलो ना?" बस्स. तो जन्मला तेव्हा ती मॅच होऊन गेली होती, हे मान्य. पण गुरुजींची मुलगीही नंतरच जन्मली, तिला वाऱ्याची दिशासुद्धा पाठ आहे. जिंकणाऱ्याला निकाल पुरतो. हरणाऱ्याला तपशील लागतात, कारण त्याला प्रत्येक तपशिलापाशी थांबून ती गोष्ट वेगळ्या वळणावर न्यायची असते. वारा फिरला नसता तर. बॅट बदलली नसती तर. रँडॉल्फ धडधाकट असता तर.

हे मला परकं वाटलं नाही, आणि कुठल्याच मराठी वाचकाला वाटणार नाही. १८ एप्रिल १९८६, शुक्रवार, शारजा. ऑस्ट्रल-एशिया कपचा अंतिम सामना. शेवटच्या चेंडूवर चार हव्यात, चेतन शर्मा यॉर्कर टाकायला गेला, तो फुलटॉस पडला, जावेद मियाँदादने षटकार. मी तेव्हा खूप लहान होते. मला आठवते ती मॅच नाही, डोंबिवलीच्या आमच्या चाळीतली मोठी माणसं आठवतात, जी टीव्ही असलेल्या खोलीतून एकेक करून बाहेर आली आणि एकमेकांशी न बोलता आपापल्या दारांत शिरली.

परवा फोनवर बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही ती मॅच पाहिली होती ना?"

"अगं, म्हणजे काय! गावसकरच्या ब्याण्णव, श्रीकांतच्या पंचाहत्तर, वेंगसरकरचं अर्धशतक. दोनशे पंचेचाळीस केल्या आपण. शेवटची ओव्हर तर मी उभ्यानेच पाहिली."

मागून आईचा आवाज आला, "काही सांगू नका तिला. शेवटच्या ओव्हरला तुम्ही दळण आणायला गेला होतात. मीच पाठवलं होतं."

यावर त्यांच्यात जे सुरू झालं त्यात माझा फोन विसरला गेला. बाबा दळणाला गेले असतील तर त्यांची शेवटची ओव्हर आली कुठून? पण त्यांना ती चेंडूगणिक ठाऊक आहे. अकरा हव्या होत्या. वसीम अक्रम धावबाद. मियाँदादचा चौकार. मग एक चौकार रॉजर बिन्नीने अडवला. झुल्करनैन त्रिफळाचित. दोन चेंडूंत पाच, आणि अकरावा फलंदाज तौसीफ अहमद चेंडू ढकलून जीव खाऊन धावला. अझरुद्दीनने चेंडू उचलून फेकला आणि स्टंपला लागला नाही. लागता तर सामना तिथेच आपला. 'अझर एरवी डोळे मिटून स्टंप उडवतो' हे वाक्य मी बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते आमच्या घरात म्हणीसारखं वापरतात. म्हणजे पिनिएला आपल्याकडेही होता, फक्त उलटा.

दोन्ही ठिकाणी शिक्षा गोलंदाजाला झाली, हे मला खटकत आलंय. टोरेझने कारकिर्दीत १८५ सामने जिंकले. न्यूयॉर्कला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. पण त्याची ओळख कुणी विचारली तर उत्तर एकच. चेतन शर्मा शारजात वीस वर्षांचा होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याने इंग्लंडमध्ये एजबॅस्टन कसोटीत दहा बळी घेतले. दीड वर्षाने, ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपुरात, न्यूझीलंडविरुद्ध वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक घेतली, तिघेही त्रिफळाचित. त्याच सामन्यात गावसकरने एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव शतक ठोकलं, अंगात ताप असताना. शारजाला ब्याण्णव काढून हरलेला माणूस आणि शेवटचा चेंडू टाकून हरलेला मुलगा, दोघांना नागपूरने एकाच दिवशी असं देणं दिलं. विदर्भातल्या लोकांनी हा दिवस सांभाळून ठेवलाय, हे मी ऐकून आहे. बाकीच्या देशाला चेतन शर्मा म्हटलं की अजून फुलटॉसच आठवतो.

टोरेझने निदान त्यातून स्वतःची सुटका स्वतः केली. डेंटने फ्लॉरिडात डेलरे बीचला बेसबॉलची शाळा काढली आणि तिथे त्या हिरव्या भिंतीची प्रतिकृती उभारली. तिथे टोरेझला बोलावलं, तो गेला, आणि त्याने डेंटला पुन्हा चेंडू टाकले. पुढे दोघांनी शेजारी शेजारी बसून चाहत्यांना सह्याही दिल्या. एवढा मोठेपणा मला जमला नसता.

बॉस्टनचा त्या वर्षीचा मॅनेजर डॉन झिमर, त्याची तऱ्हा आणखी निराळी. काही वर्षांनी त्याला यांकीजकडेच प्रशिक्षकाची नोकरी मिळाली आणि राहायला त्याने न्यू जर्सीत भाड्याने घर घेतलं. घर नेमकं डेंटचं. आत गेला तर भिंतींवर जिकडेतिकडे त्याच होम रनचे फोटो. झिमरने सगळ्या तसबिरी भिंतीकडे तोंड करून फिरवल्या. घरमालकाला भाडं वेळेवर देऊन असा निषेध नोंदवता येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

डेंटचाही हिशेब शेवटी फेनवेतच चुकता झाला. यांकीजने त्याला मॅनेजर केलं आणि १९९० च्या जूनमध्ये काढून टाकलं, तेही संघ बॉस्टनमध्ये असताना. ही बातमी कळली त्या दिवशी काय केलंत, असं मी गुरुजींना विचारलं. "आइस्क्रीम खाल्लं," म्हणाले.

२००३ साली जखमेवर मीठ पडलं. अंतिम फेरीच्या आधीची मालिका, सातवा सामना, अकरावी इनिंग, यांकीजचा आरॉन बून, पहिल्याच चेंडूवर होम रन. बॉस्टनमध्ये बूनलाही लगेच मधलं नाव मिळालं, तेच. मग २००४ आलं. पुन्हा हेच दोन संघ, यांकीज तीन–शून्य पुढे, आणि बॉस्टनने सलग चार सामने जिंकले, जे बेसबॉलमध्ये त्याआधी कुणीच केलं नव्हतं. चौथ्या सामन्यात डेव्ह रॉबर्ट्सने चोरलेला बेस आणि डेव्हिड ऑर्टिझचा बाराव्या इनिंगमधला होम रन यांच्यावर इथे अजून लोक तासभर बोलतात, मी बोलणार नाही. सातव्या सामन्याआधी न्यूयॉर्कवाल्यांनी समारंभाचा पहिला चेंडू टाकायला मुद्दाम बोलावलं कुणाला, तर बकी डेंटला. भुताला आमंत्रण दिलं. भूत आलं, यांकीजचा जुना दिग्गज योगी बेरा याच्याकडे चेंडू टाकून गेलं, आणि बॉस्टन १०–३ जिंकलं. त्याच महिन्यात ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीजही.

त्या विजयानंतर न्यू इंग्लंडभर, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या राज्यांत, लोक कबरस्तानांत गेले. वडिलांच्या, आजोबांच्या थडग्यांवर टोप्या ठेवल्या, झेंडे ठेवले, वर्तमानपत्रं ठेवली. गुरुजीही गेले होते. त्याबद्दल ते अधिक सांगत नाहीत, मी विचारत नाही.

त्यानंतर २००७, २०१३, २०१८. माझ्या मुलांना रेड सॉक्स म्हणजे जिंकणारा संघ वाटतो. फेनवेत भिंतीवरच्या खुर्च्यांवर बसायचा त्यांचा हट्ट असतो, कारण तिथून चेंडू हातात यायची शक्यता. त्यांना डेंट माहीत नाही, बूनला ते यांकीजचा मॅनेजर म्हणून ओळखतात. वाईट वाटतं असं नाही. पण गुरुजी आता १९७८ सांगताना हसतात, रंगवून सांगतात, नकला करतात, आणि पूर्वीच्या त्यांच्या सांगण्यात जो कडूपणा होता तो आता शोधावा लागतो. मला तो आवडायचा, हे कबूल करायला हरकत नाही.

मागे एकदा मी त्यांना शारजाची चित्रफीत दाखवली. मोबाइलवर, त्याच टेबलावर. आधी षटकार म्हणजे काय, चेंडू टप्पा न पडता आला तर फलंदाजाला किती सोपा जातो, हे समजावलं. त्यांनी शेवटची ओव्हर बघितली, परत बघितली. मग विचारलं, "याने असा चेंडू टाकलाच का?"

आणि मी, जिने चेतन शर्माला आजन्म मनातल्या मनात दोष दिला, तीच तावातावाने म्हणाले, "यॉर्कर हातातून सुटतो कधी कधी. वीस वर्षांचा पोरगा होता तो."

"ठीक आहे," गुरुजी म्हणाले. "याला माफ. टोरेझ बत्तीसचा होता." मग त्यांनी बोटाने चित्रफीत मागे सरकवली, अझरच्या थ्रोपर्यंत, आणि ती पुन्हा सुरू करून म्हणाले, "पण हा? याच्याजवळ तर भरपूर वेळ होता."